सुपात घालून दिलेली लेक

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी, कारण हिच्यात चूक झाली ती मोठ्यांचीच.

समुद्राकाठच्या एका राज्यात एक बुरूड आणि त्याची बायको राहत होती. बांबू फोडायचा, त्याच्या कामट्या काढायच्या आणि सुपं-टोपल्या विणायच्या, हा त्यांचा धंदा. गावात कुणाकडे मूल जन्मलं की बुरुडणीकडून नवं सूप जायचं. तिची स्वतःची मुलं मात्र जन्मली आणि गेली. त्यातलं एकही पावलं टाकण्याएवढं मोठं झालं नाही. शेवटी तिनं पाळणा सोडून माळ्यावर टाकला आणि त्याचं नाव काढणंही बंद केलं.

त्याच सुमारास समुद्रापलीकडच्या एका देशात मोठा दुष्काळ पडला. घरंच्या घरं ओस पडली आणि मागे पोरकी मुलं उरली. दोन्हीकडच्या राजांनी ठरवलं, ज्यांना मूल हवंय त्यांना ही मुलं द्यावीत. बुरुडानं दरबारात जाऊन हात जोडले. पुष्कळ वाट पाहिल्यावर एकदा बंदराला गलबत लागलं, आणि त्यातून नुकतीच चालायला लागलेली एक मुलगी उतरली.

तिकडे तिला एका म्हातारीनं सांभाळलं होतं. म्हातारीनं ती एका बाईच्या हातात दिली, बाईनं खलाशाच्या दिली, खलाशानं गलबताच्या म्होरक्या तांडेलाच्या आणि तांडेलानं बुरुडणीच्या. पोर अजिबात रडली नाही. बंदरावरचे लोक म्हणाले, "काय गुणाचं लेकरू आहे! कुणाकडंही जातंय." लोकांचं काय, मूल गप्प असलं की त्यांना ते सुखीच वाटतं.

घरी आल्यावर मात्र बुरुडणीला खरं काय ते कळायला लागलं. पोरीला उचललं की ती लाकडासारखी ताठ व्हायची. भरवलं तर खायची, पण नजर दाराकडे. अंगाई म्हटली की कानांवर हात ठेवायची. मऊ अंथरुणावर ठेवलं तर उठून उंबऱ्याजवळ जाऊन निजायची. बोलत तर ती नव्हतीच, ना इकडचं, ना तिकडचं.

महिना गेला, दुसरा गेला. बुरुडणीनं गोड करून पाहिलं, गोंजारून पाहिलं, एकदा रागावूनही पाहिलं. मग एके दिवशी ती नवऱ्यापुढे रडायलाच बसली.

"अहो, आपण हिला आणली खरी, पण ही काही आपल्याकडं आली नाही. मी हिच्या लेखी त्या खलाशासारखीच. आज हा, उद्या दुसरा."

बुरूड म्हणाला, "कामटीसुद्धा भिजल्याशिवाय वाकत नाही. तू तर रोज वाकवून बघतेस. जरा दमानं घे की."

तिनं दम धरला. पोरीला हाका मारणं सोडलं, मागे लागणं सोडलं. ती आपली अंगणात बसून विणत राहायची. काही दिवसांनी पोर जवळ येऊन बसायला लागली. तोंड दुसरीकडे, पण पाठ बुरुडणीच्या पाठीला टेकलेली. तेवढा वेळ बुरुडीण श्वासही बेतानं घ्यायची.

आणि एका दुपारी कुणाचीतरी म्हैस दावं तोडून अंगणात घुसली. पोर किंचाळली. आल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. जवळच बुरूड उभा होता, त्याला ओलांडून ती धावली ती थेट बुरुडणीच्या कुशीत शिरली आणि तिची चोळी दोन्ही मुठींत घट्ट धरून हुंदके देत राहिली. म्हैस गेली तरी तिनं मुठी सोडल्या नाहीत. बुरुडणीला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं.

पण ऐका, सुखाच्या मागोमाग भीती येते. पोर परकी होती तोवर बुरुडणीला तिच्या जिवाची धास्ती वाटली नव्हती. आता ती आपली झाली, आणि आपलं म्हटलेलं एकही मूल या घरात टिकलं नव्हतं.

त्यातच पोरीला ताप आला. वैद्याचा काढा दिला, दोन दिवसांत ताप उतरला, पोर उठून खेळायलाही लागली. तरी बुरुडणीचा जीव थाऱ्यावर येईना. बुरुडाची म्हातारी आत्या घरात होती. ती म्हणाली, "काढ्यानं ताप जातो गं बाई, घरावरची नजर जात न्हाई. मागच्या लेकरांच्या वेळी मी सांगत व्हते, तुम्ही ऐकलं न्हाई. आता तरी हिला सुपात घाल."

त्या राज्यात अशी एक रीत होती. ज्या घरात मुलं जगत नाहीत, त्या घरातल्या आईनं मूल सुपात घालून दारात ठेवायचं आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणायचं, हे आमचं नव्हे, ज्याला हवं त्यानं न्यावं. शेजारणीनं ते उचलून न्यायचं. दिवेलागणीला आईनं मूठभर नाचणी देऊन ते परत आणायचं. म्हणजे मृत्यू दारात आला तरी त्याला वाटावं की या घरचं मूल केव्हाच दिलं गेलं.

"तान्ह्यांसाठी आहे ती रीत," बुरूड म्हणाला. "हिला आता समजतं. आणि ताप तर उतरलाय. राहू दे ना."

"कुठं काय समजतंय? एक शब्द तरी बोलते का ती?" बुरुडीण कळवळून म्हणाली. "अहो, मला आता आणखी एक मूल पुरायचं नाही. माझ्यानं नाही व्हायचं ते." तो उठून बांबू फोडायला गेला.

तिनं नवं मोठं सूप विणलं. विणताना पोर नेहमीसारखी पाठीला पाठ लावून बसली होती. मग शेजारची कासारीण आली, चार बाया जमल्या. बुरुडणीनं पोरीला उचलून सुपात बसवलं, सूप उंबऱ्याबाहेर ठेवलं, आणि आत्यानं सांगितलं तसं खणखणीत आवाजात म्हणाली, "ही पोर आमची नव्हे. ज्याला हवी असेल त्यानं न्यावी."

पोरीनं वर पाहिलं. इतके महिने ती बोलत नव्हती, पण ऐकत होती. इथल्या माणसांचं बोलणं तिला केव्हाच कळायला लागलं होतं. बुरुडणीला ते त्या क्षणी, त्या नजरेत दिसलं. जीभ तिथंच चावावी असं तिला झालं. पण बाया बघत होत्या, आत्या बघत होती, आणि रीत अर्ध्यात मोडली तर काय होईल ही भीती सगळ्यांहून मोठी होती. तिनं सुपाला हात लावला नाही.

कासारणीनं हात पुढे केले. पोर रडली नाही, की ताठ झाली नाही. तिनं मुकाट्यानं हात वर केले आणि ती कासारणीच्या कडेवर गेली.

"बघा, किती शहाणी!" एक बाई म्हणाली.

दिवेलागण व्हायचीच होती, तरी बुरुडीण नाचणी घेऊन धावली. पोर कासारणीच्या घरात, जिथं बसवली होती तिथंच बसून होती. बुरुडणीनं तिला उराशी धरलं. "चल गं माझ्या सोन्या, आपल्या घरी चल. खोटं होतं ते सगळं." पोर आली. जशी तांडेलाकडे गेली होती, जशी कासारणीकडे गेली होती, तशीच आली. दुसऱ्या दिवशी बुरुडीण विणायला बसली आणि दिवसभर तिची पाठ रिकामी राहिली.

पुढं काय झालं? पोर जगली. आत्या ज्याला त्याला सांगत सुटली, "बघा, रीतीचा गुण!" पोर धडधाकट झाली, बोलायला लागली, सांगितलेलं सगळं ऐकायला लागली. कासारणीला मावशी म्हणायची, पाणी भरणाऱ्या बाईला मावशी म्हणायची, आणि बुरुडणीलाही मावशीच म्हणायची. बुरुडीण रोज तिला जवळ घेऊन सांगायची, "तू माझी आहेस गं." पोर मान डोलवायची. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून डोलवायची.

असंच एकदा परगावची एक बाई टोपली विकत घ्यायला आली. अंगणात उभी राहून ती पोरीकडे कौतुकानं बघत म्हणाली, "गोड आहे हो मुलगी!" बुरुडीण टोपली आणायला आत वळली. बाहेर येऊन पाहते तर पोर तोंड धुऊन, केस पाण्यानं चापून, आपलं दुसरं परकर-पोलकं काखोटीला मारून त्या बाईसमोर उभी.

बुरुडणीच्या हातून टोपली पडली. "अगं, कुठं निघालीस?"

"ह्या न्यायला आल्यात ना?" पोर म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता, ना रडू. आपल्यामुळं कुणाचा खोळंबा होऊ नये, एवढीच तिची धडपड दिसत होती.

बुरुडीण तिथंच मातीत बसली आणि तिनं पोरीला मिठी मारली. "नाही गं, नाही, कुणी न्यायला आलं नाही," असं ती म्हणत राहिली, रडत राहिली. पोर मिठीत मुकाट उभी होती, आणि बुरुडणीच्या खांद्यावरून त्या परक्या बाईकडे बघत होती, निघायचं केव्हा ते कळावं म्हणून.

तात्पर्य : लेकराला जपण्याआधी त्यानं काय सोसलंय ते जाणून घ्यावं, नाहीतर ते जगतं, पण आपलं राहत नाही.