बिनगुंडीचे झगे

एका गावात एक शिंपीण राहायची. हात असा की चिंधीचंसुद्धा झोकदार पोलकं करील! साऱ्या गावाच्या कपड्यांना ती गुंड्या लावी, पण तिच्या चार वर्षांच्या लेकीच्या, शेवूच्या झग्यांना मात्र एकही गुंडी नसे. शेवूला गुंडी लावता येत नव्हती ना! ते चारचौघांत कळू नये म्हणून ही युक्ती.

शेवू सपाट अंगणातही अडखळायची. चेंडू छातीवर आपटून गेला की मग तिचे हात जवळ यायचे. घास तोंडाशी येईतो निम्मा मांडीवर. म्हणून आईच भरवी, आईच कडेवर घेई. कुणी बोललंच तर म्हणे, "लहान आहे हो अजून. होईल आपोआप."

संक्रांतीनंतर शेजारणीकडे बाळाचं बोरन्हाण होतं. बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या ओतल्या मात्र, पोरांची झुंबड उडाली. शेवूही धावली. पण उचललेलं बोर बोटांतून निसटायचं, दुसऱ्यावर हात नेला तर तो भलतीकडेच पडायचा. शेवटी तोल जाऊन ती एका मुलावर कोसळली.

"ए वेंधळे, हो तिकडे!" तो खेकसला.

शेवू रिकाम्या हातांनी आईपाशी आली आणि म्हणाली, "मला बोरं आवडतच नाहीत."

आता काय म्हणावं! बोरांसाठी तिने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. शिंपिणीच्या काळजात चर्र झालं. अगं बाई, आपलं बघून पोरही झाकायला शिकली की!

बालवाडीच्या बाई तिथेच होत्या. मागे त्यांनी शेवूचा विषय काढला, तेव्हा शिंपीण फणकाऱ्याने उठून गेली होती. आज ती आपणहून त्यांच्याजवळ गेली. "बाई, माझ्या शेवूचं काहीतरी अडतंय हो."

"अडतंय खरं," बाई म्हणाल्या. "पण ती आळशी नाही, आणि तुमचंही काही चुकलेलं नाही. आत्ताच बोललात, फार बरं केलंत. डॉक्टरांना दाखवू या."

डॉक्टरांनी शेवूला चालवून, उड्या मारायला लावून पाहिलं आणि मुलांच्या हातापायांना खेळांतून वळण लावणाऱ्या एका ताईंकडे पाठवलं. ताईंनी खेळच सुरू केले. कणीक तिंबायची, जमिनीवरच्या दोरीवरून चालायचं, मोठे मणी ओवायचे. "आणि आई," ताई म्हणाल्या, "तिला वेळ लागेल. तुम्ही मध्ये हात घालायचा नाही हं!"

शिंपिणीला तेच सगळ्यात जड गेलं.

बऱ्याच दिवसांनी बाई घरी आल्या. "पाणी मी देणार!" शेवू म्हणाली. तांब्या डुगडुगला, फरशीभर ओघळ गेला, पेल्यात आलं घोटभर. शिंपिणीचे हात नुसते शिवशिवत होते. तिने ते पदरात गुंडाळून घट्ट धरले.

शेवूने पेला बाईंच्या हाती दिला. "थोडं सांडलं," ती म्हणाली. "अजून आणू?"

ना लाज, ना बहाणा! शिंपिणीला रडूच कोसळलं.

"आण की गं," बाई म्हणाल्या, आणि शेवू तांब्याकडे वळली.

तात्पर्य, आणि हे मुलांपेक्षा मोठ्यांसाठीच: लेकराचं काही अडतंय असं वाटलं, तर मायेने ते झाकू नका. वेळेवर विचारा, आणि मग त्याला त्याच्या हातांनी करू द्या.