चिंचेला टांगलेले खुंटे

आपल्या पणजोबांचे पणजोबा पाळण्यात अंगठा चोखत होते, तेव्हाची ही गोष्ट. मी सांगतो, तुम्ही हुंकार द्या. हुंकार थांबला की गोष्टही थांबली बरं का!

एका राज्यात जात्यांचा व्यापार करणारा एकच शेठ होता. घरोघरी जातं त्याचंच. पण ते फिरवायचा लाकडी खुंटा मात्र ज्याने त्याने आपल्या हाताला मानवेल तसा बसवायचा.

त्या राज्यातल्या एका गावाची रीत मोठी झकास होती. कुणी नवा खुंटा किंवा जात्याची नवी खीळ घडवली की तिचा नमुना गावच्या चिंचेला टांगायचा. हवा त्याने तो पाहून तसाच घडवावा, जमलं तर सुधारावा आणि सुधारलेला पुन्हा टांगावा. दाम नाही की नाव नाही. वारा सुटला की शेकडो खुंटे टकाटक वाजायचे.

त्यातले सगळ्यात नामी खुंटे असायचे सुतारीणकाकूंचे. काकू मूळच्या या गावच्या नव्हत्या. मारकुट्या दिराच्या घरातून त्या नेसत्या लुगड्यानिशी पळून आल्या होत्या, आणि तो दीर अजून त्यांचा माग काढत होता. गावाने त्यांचं नावगाव विचारलं नाही. हातात पटाशी दिली आणि म्हटलं, "काकू, आधी जेवून घ्या."

पुढे काय झालं, शहरात एका भामट्याने किडक्या लाकडाचा खुंटा विकला. तो मोडला आणि एका बाईची बोटं चेचली. शेठ नवा नियम लिहून धावत राजाकडे गेला, राजाने मान डोलावली आणि गावोगाव दवंडी पिटली:

"ऐका हो ऐका! खुंटा घडवणाऱ्याने आपलं नाव, बापाचं नाव, मूळ गाव आणि राहतं घर शेठच्या पेढीवर लिहून द्यावं! ती नावं भर बाजारात फळ्यावर लागतील! ज्या जात्यात घडवणारा ठाऊक नसलेली वस्तू सापडेल, ते जातं बंद!"

काकूंनी दवंडी ऐकली आणि मनाशी हिशेब केला. नाव फळ्यावर लागलं की आठ दिवसांत दीर दारात उभा! आता एक तर पटाशी सोडायची, नाहीतर गाव. पटाशी काही सुटेना. काकू डोळे पुसत गाठोडं बांधू लागल्या.

दुसऱ्या दिवशी शेठ राजाच्या कारकुनाला घेऊन गावात आला. कारकून असा काटेकोर, की शिंक आली तरी नियमात बसते का ते आधी पाहायचा. पहिलंच घर कुंभारणीचं. तिचा उजवा हात लुळा होता, म्हणून काकूंनी तिला डाव्या हाताचा वाकडा खुंटा करून दिला होता.

"हा कुणी घडवला?" शेठने विचारलं.

"मला काय ठाऊक!" कुंभारीण म्हणाली.

"मग जातं बंद!"

"अहो, असं काय करता? पोरांना भाकरी कशी घालू?" कुंभारणीला रडू फुटलं.

काकू गाठोडं घेऊन दारावरूनच चालल्या होत्या. ते रडणं ऐकून त्यांचा पाय पुढे पडेना. गाठोडं ओट्यावर ठेवून त्या तडक आत शिरल्या.

"शेठ, बोटं चेचली त्या बाईसाठी माझाही जीव तुटतो. पण तुमचा नियम आधी तुमच्या दगडाला लावा की!" त्यांनी जात्याचा वरचा दगड उचलला. "ही मधली लोखंडी खीळ. हिच्यावाचून जातं एक वेढा घ्यायचं नाही. ही कुणी घडवली?"

"आमच्या वडिलांनी!" शेठ तोऱ्यात म्हणाला.

दारात जमलेल्या गर्दीतला गावचा म्हातारा लोहार खो खो हसला. "कशाला थापा मारता राव! तुमचे वडील तीन दिवस त्या चिंचेखाली बसून हा नमुना उतरवून घेऊन गेले. आमच्याच घरी पिठलं-भाकरी खाल्ली त्यांनी. आम्हाला आनंदच झाला, नमुने असतात कशासाठी?"

कारकुनाने कान टवकारले. "मग नमुना घडवणाऱ्याचं नाव?"

"ते कुणालाच ठाऊक नाही," लोहार म्हणाला.

कारकुनाने लेखणी बुडवली. "घडवणारा अज्ञात. खीळ प्रत्येक जात्यात. सबब राज्यातलं एकूण एक जातं बंद."

"अहो, नियम मीच केलाय!" शेठ ओरडला.

"मग तुम्हाला तो पाठच असेल," कारकून म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

तीन दिवस राज्यात चिमूटभर पीठ मिळेना. लोकांनी शेठच्या पेढीला गराडा घातला. चौथ्या दिवशी घुगऱ्या चावून चावून राजाची दाढ ठणकायला लागली, तेव्हा त्याने शेठला बोलावलं.

"शेठजी, किडका खुंटा दगडावर तीनदा आपटला असता तर?"

"मोडला असता, महाराज," शेठ पुटपुटला.

"मग विकण्याआधी खुंटा आपटून पाहा. माणसांना कशाला आपटता?"

नियम रद्द झाला, फळा उतरला. कुंभारणीने स्वतः काकूंचं गाठोडं सोडलं आणि पटाशी त्यांच्या हातात दिली.

महिन्याभराने शेठ खाली मान घालून काकूंच्या दारात आला. त्याच्या आईला दळताना हात दुखायचा, तिला खुंटा हवा होता. आता काकू काय काय सुनावतात, म्हणून सगळं गाव कान देऊन उभं राहिलं.

काकूंनी लाकूड हातात घेतलं आणि विचारलं, "आईंचा कुठला हात दुखतो, उजवा की डावा?"

तर मंडळी, एवढं ध्यानात ठेवा: वस्तूची पारख वस्तू पाहून करावी, आणि ज्यांच्या अनाम कष्टांवर आपलं घर चालतं, त्यांनाच नावगाव विचारून उंबऱ्याबाहेर काढू नये.