दोरावर कुणीच नव्हतं

"मग दोर धरायचाच कशाला, मॅडम?"

निनाद भोईटे हे विचारत होता, आणि नेमकी तेव्हाच मी पन्ह्याचा तांब्या घेऊन कुमुदताईंच्या ओसरीवर आले. बोलणं माझ्यासाठी नव्हतं. पण पन्हं तिघांना पुरेल एवढं आणलं होतं, म्हणून बसले.

कुमुदताई म्हणजे डॉ. कुमुद आठल्ये. साताऱ्यात आमची घरं समोरासमोर, मध्ये एकच सामाईक अंगण. ताई बर्फाचा अभ्यास करायच्या. अंटार्क्टिकाला जाऊन आल्यात, तेही कितीतरी वेळा. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. राहायला आल्या त्याच दिवशी मी विचारलं होतं.

"तिकडेच राहिली," म्हणाल्या, आणि चहात साखर किती घालू ते विचारलं.

त्यानंतर मी पुष्कळ आडून आडून विचारलं. उत्तर तेच. साखरही तेवढीच.

निनाद त्यांचा विद्यार्थी. सगळ्यांत हुशार. हे ताई सांगतात, आणि त्यांनी नाही सांगितलं तर तो सांगतो.

त्या दिवशी तो उगाच आला नव्हता. तिकडच्या हिवाळ्यात आपल्या संशोधन केंद्रावर राहणाऱ्या तुकडीचा प्रमुख कोण, ते ठरणार होतं. निनादचं नाव सर्वांत वर होतं. समितीचा फोन दुपारी ताईंना येणार होता. निनादला तयार केलं ताईंनी, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा.

"पन्हं घे," मी म्हटलं, "आणि मला सांग, एवढं जीव टाकून जायला आहे काय तिथे?"

"काकू, चार भारत मावतील एवढी जमीन आहे."

"मग?"

"पण दिसत नाही. वर बर्फ. काही ठिकाणी तीन तीन किलोमीटर जाड. त्याच्याखाली डोंगर आहेत, दऱ्या आहेत. तळीसुद्धा आहेत, पाण्याची, न गोठलेली."

"आणि ती पाहिली कुणी?"

"मी." तो हसला. "रडारवर. तिथला नवा नकाशा माझाच आहे."

"पाऊस बराच असेल."

"पाऊस नाहीच. आतल्या भागात बर्फसुद्धा चिमूटभरच पडतो. वाळवंट आहे ते, काकू. फक्त पडलेलं वितळत नाही, म्हणून साठत गेलं. आणि त्या बर्फात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. खोल भोक पाडून बर्फाची कांडी वर काढली की लाखो वर्षांपूर्वीची हवा हातात!"

मी माझ्या ग्लासातला बर्फाचा खडा उजेडात धरून पाहिला.

"तो सकाळचा आहे, वहिनी," ताई म्हणाल्या. मग निनादकडे वळल्या. "हं. दोराचं सांगत होतास."

"दोर कसला?" मी.

निनादने सांगितलं. केंद्राच्या मुख्य इमारतीपासून यंत्रांच्या खोलीपर्यंत खांबांवरून दोर बांधलेला असतो. हिमवादळ सुटलं की स्वतःचा हात दिसत नाही. तेव्हा बाहेर पडायचं तर दोर धरूनच. हा तिथला नियम. कुणालाही सूट नाही.

"पण दोर वळसा घालून जातो," तो म्हणाला. "गेल्या खेपेला वादळातच यंत्रांच्या खोलीतली वीज गेली. तिथे चालू असलेली मोजमापांची नोंद तुटली असती तर सगळ्या वर्षावर पाणी. वळसा घालत बसलो असतो तर संपलंच होतं. मी दोर सोडला आणि सरळ पळालो. ती वाट मला डोळे मिटून येते."

"आणि?" ताईंनी विचारलं.

"आणि काय... पोचलो. नोंद वाचली."

मी टाळी वाजवली. एकटीनेच.

"पुन्हा तसं झालं तर?"

"पुन्हा तसाच जाईन, मॅडम."

ताई उठल्या.

"वहिनी, दोरीवरचा तो टॉवेल द्या."

या दोरीबद्दल सांगायला हवं. ताईंच्या ओसरीच्या खांबापासून माझ्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ती ताईंनीच बांधली आहे. शेवग्याला वळसा घालून. मी तिच्यावर कपडे वाळत घालते. ताई मात्र माझ्याकडे येताना तिच्यावर हात ठेवून येतात. लख्ख उन्हातही. ओल्या साड्या बाजूला सारत, न चुकता. मी हसायचे. म्हटलं, असते एकेकाला खोड.

ताईंनी टॉवेल निनादच्या डोळ्यांवर घट्ट बांधला.

"वहिनींच्या दाराला हात लावून परत ये."

"दोरी धरून?"

"तुला हवं तसं."

तो हसला आणि ओसरी उतरला. दोरीकडे हातही नेला नाही. शेवग्याला बरोबर टाळून सरळ निघाला. मी तोंड उघडून बघत राहिले. मुलगा खरंच हुशार होता!

तेवढ्यात ताईंनी माझं मनगट धरलं.

मला काही विचारू न देता त्यांनी मला अंगणात खेचलं. दोघी अनवाणी. मे महिना, दुपारची वेळ, शहाबादी फरशी. पायाखाली तवाच. मी "अगं आई गं" म्हणणार होते, तर त्यांनी दुसरा हात माझ्या तोंडावर ठेवला. दोरीपासून लांब, पार कोपऱ्यातल्या नळापर्यंत नेलं. तिथे आम्ही उभ्या राहिलो. म्हणजे त्या उभ्या राहिल्या. मी नाचत होते.

तिकडे निनादने माझ्या दारावर टकटक केली, वळला, आणि आला तसाच ताठ परत गेला. पायरीसुद्धा चुकला नाही.

"पोचलो, मॅडम!"

ताईंचा हात माझ्या तोंडावर तसाच होता.

"मॅडम?..."

पान हललं नाही.

"काकू?..."

आता पहिल्यांदा त्याचे हात पुढे आले. हवेत चाचपडले. तिथे खुर्ची होती, तांब्या होता, आम्ही नव्हतो. त्याने टॉवेल ओढून काढला.

"तिथे उन्हात काय करताय तुम्ही?"

"तुला शोधतोय," ताई म्हणाल्या.

"पण मी इथे आहे!"

"आम्हाला काय माहीत? दोरीवर पाहिलं. दोरीवर कुणीच नव्हतं."

निनादने माझ्या पायांकडे पाहिलं. मी एकावरून दुसऱ्यावर करत होते. तो घाईने माझ्या चपला घेऊन आला आणि खाली वाकून त्याने त्या माझ्यापुढे ठेवल्या. वर मान केली ती ताईंच्या प्रश्नाने.

"त्या वादळात तुला शोधायला कोण गेलं होतं?"

"...डॉक्टर. आणि स्वयंपाकी. मी बोलावलं नव्हतं, मॅडम."

"दोर धरून निघाले?"

"हो. नियमच आहे."

"मग?"

"मग दोरावर मी नव्हतो, म्हणून..."

"म्हणून?"

"...सोडला त्यांनी."

ताईंनी ठिबकणारा नळ घट्ट पिळला.

"पण परत आले दोघं," तो घाईने म्हणाला. "काही झालं नाही."

"काही झालं नाही," ताई म्हणाल्या.

आत फोन वाजला.

निनाद सरळ उभा राहिला. ताई निघाल्या. त्या तापलेल्या फरशीवरूनही आधी दोरीपाशी गेल्या, तिच्यावर हात ठेवला, आणि मग माझ्या दोन साड्या आणि यांचा सदरा बाजूला करत ओसरीवर पोचल्या. फोन मात्र वाजतच होता. मला वाटलं, बंद पडतो आता. पडला नाही.

मी दारात जाऊन उभी राहिले. ऐकायलाच.

"हो, इथेच आहे तो," ताई म्हणत होत्या. "नकाशा त्याचाच वापरा, त्याच्यासारखा दुसरा कुणी काढणार नाही... पाठवा की. अवश्य पाठवा... नाही. प्रमुख नको."

थोडा वेळ पलीकडचं कुणीतरी बोलत राहिलं.

"दोर बांधायचं काम द्या त्याला," ताई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

निनादने सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि तो काही उन्हाने नव्हे.

"मी पोचलो होतो, मॅडम. तिथेही आणि इथेही."

"पोचलास."

"तुम्ही शिकवलेलं एकही गणित माझं चुकलेलं नाही."

"नाही चुकलेलं."

त्याने पिशवी खांद्याला अडकवली. पायरीपर्यंत गेला. मला वाईट वाटलं. एवढ्या लांबून आलेला पोर, उपाशी जायचा. मी म्हटलं, "अरे, पन्हं तरी संपव."

ताईंनीच ग्लास भरला आणि त्याच्यापुढे धरला. डाव्या हाताने.

तो घ्यायला वळला, आणि थबकला. ग्लासाभोवतीच्या त्या अर्ध्या बोटांकडे तो पाहत राहिला. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला, पण मला वाटतं, पाहिली त्याने आजच.

"मॅडम... तुम्ही कधी दोर सोडला होता?"

"हो."

मी श्वास रोखला. कितीतरी वर्षं साखर मोजून चहा प्यायले होते मी याच उत्तरासाठी.

"कधी?"

"एकदाच. एकाला शोधायला."

निनादने ग्लास हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. पिशवी खांद्यावरून हळूच उतरवून पायरीवर ठेवली.

"आणि... तो?"

ताईंनी स्वतःच्या ग्लासातला उरलेला बर्फ अंगणात भिरकावला.

"तो सुखरूप पोचला होता."