जिने उंबरा काढला

वैशाखी पौर्णिमा, सकाळचा पहिला प्रहर. स्थळ मेखलावती नगराच्या पाठशाळेचे अंगण. पूर्वी या नगरात राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या पाठशाळेचे आचार्य होते. त्या सकाळी राजा, राजमाता, प्रधान आणि नगरजन यांच्या डोळ्यांदेखत जे घडले ते असे.

त्या शाळेत एक रीत होती. वर्षाचा अभ्यास सुरू होण्यापूर्वी एका विद्यार्थ्याने सर्वांसमोर ऋणपाठ म्हणायचा. आपल्याला जे येते ते कोणाकडून आले, हे एकेकाचा उल्लेख करून सांगायचे. दूर पश्चिमेच्या महानदीकाठी पुराने बांध पुसले की दोऱ्या ताणून शेते पुन्हा आखणारे लोक होते. त्यांच्यामुळे आपल्याला भूमिती आली. ओल्या मातीच्या विटांवर खुणा उमटवून बोललेले जपून ठेवणारे होते. भर बाजारात उभे राहून एकमेकांना प्रश्न विचारणारे यवन होते. कोणती मुळी तापावर चालते हे स्वतः चाखून पाहणारे अरण्यातले वैदू होते. त्यानंतर अलीकडचे येत. छडीने पाठांतर होते, समज येत नाही, असे म्हणून आपली छडी नदीत सोडणारे आचार्य दीर्घतप. शिकवणाऱ्याने आधी ऐकून घ्यावे, असे सांगत गावोगाव हिंडलेला श्रमण नंदक. आणि शेवटी एक ओळ: ‘जिने शाळेचा उंबरा काढला, ती—’

इथे पाठ म्हणणारा थांबे. सारी शाळा एक श्वास घेई आणि पाठ संपे.

कारण शाळेत ते नाव कोणालाच ठाऊक नव्हते. पाठ अंगणातल्या दगडी खांबावर कोरलेला होता. त्या एका जागी छिन्नी चालवून अक्षरे तासून टाकली होती. एवढे मात्र सर्वांना माहीत होते की, एके काळी दाराला मांडीएवढा उंच उंबरा होता आणि तो ओलांडण्याचा अधिकार मोजक्या कुळांनाच होता. कोणा स्त्रीने तो काढला. तेव्हापासून दार सपाट आहे आणि कोणाचेही मूल आत येते.

त्या वर्षी ऋणपाठ म्हणण्याचा मान उत्पलेला मिळाला होता. ती परटाची मुलगी, शाळेत सर्वांत हुशार. प्रधान कालसेन याचा मुलगा तिच्या मागे पडला होता, आणि हे प्रधानाला सलत होते.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी प्रधान आचार्यांकडे आला. छताकडे बघत म्हणाला, “आचार्य, पावसात हे गळते म्हणे?”

“गळते. मुले पाट्या डोक्यावर धरतात.”

“महाराज नवे दगडी सभागृह बांधून देतील. एवढेच करा. ऋणपाठात जागा रिकामी आहे, तिथे महाराजांच्या आजोबांचे नाव घाला. महाराज बलसेन.”

आचार्य म्हणाले, “प्रधानजी, ती जागा रिकामी नाही. रिकामी केलेली आहे.”

“शब्दांचा कीस नका काढू. कोणाचे तरी नाव लागले तर बिघडले कुठे?”

काय बिघडणार होते हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. शाळेची प्रत्येक रीत ऋणपाठातल्या एकेका ओळीवर उभी होती. सपाट दार राजाने दिले असे एकदा ठरले, की राजाने दिलेले राजा परत घेऊ शकतो. मग उंबरा पुन्हा बसणार होता आणि उत्पला बाहेर राहणार होती.

“छत गळू दे,” आचार्य म्हणाले. “ती जागा मी भरणार नाही.”

“मग उद्या महाराजच भरतील. तुम्ही मात्र कुठे राहायचे ते बघून ठेवा.”

पौर्णिमेला सकाळी राजा आसनावर बसला. प्रधानाने त्याला आधीच पढवून ठेवले होते. राजा म्हणाला, “आचार्य, आजच्या पाठात आमच्या आजोबांचे नाव असावे अशी आमची आज्ञा आहे.”

आचार्यांनी हात जोडले. “महाराज, हा पाठ स्तुतीचा नाही, आभाराचा आहे. ज्याने दिले त्याचेच आभार मानता येतात. दुसऱ्याचे मानले तर ज्याने दिले त्याच्याकडून ते पुन्हा चोरल्यासारखे होते. आज्ञा मोडण्याची शिक्षा मला द्या. या मुलीला मात्र खोटे बोलायला लावू नका.”

राजा चिडला. “शिक्षा मिळेलच. प्रधानजी, तुम्ही याच शाळेत शिकलात ना? तुम्हीच म्हणा.”

कालसेन उभा राहिला. पाठ त्याला लहानपणापासून येत होता. अडखळण्याचे कारण नव्हते. महानदीकाठचे लोक आले, यवन आले, वैदू आले, आचार्य दीर्घतप आले. आवाज चढवून तो शेवटच्या ओळीवर आला आणि जिभेला जे वळण होते त्याच वळणाने गेला:

“जिने शाळेचा उंबरा काढला, ती महाराज बलसेन!”

मग राजमाता चंद्रवती पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “अगं बाई! सासरेबुवा स्त्री कधी झाले?”

हशा उसळला. पुढे बसलेली पोरे तर लोळायला लागली.

“चूक झाली,” प्रधान घाईने म्हणाला. “जिने नाही, ज्याने. तो शब्द बदलून घेऊ.”

“बदला की,” राजमाता म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. “पण मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तो उंबरा जागेवर होता. सासरेबुवा रोज त्याच्यावर पाय ठेवून उभे राहत आणि कोणाचे पोर आत शिरते ते बघत. अरिंदमा, तुझ्या आजोबांनी पुष्कळ केले. हे केले नाही.”

राजा उठून खांबापाशी गेला आणि तासलेल्या जागेवरून त्याने बोट फिरवले.

“नाव खोडले,” तो म्हणाला, “आणि ‘जिने’ खोडायचे राहून गेले.”

“हो महाराज,” आचार्य म्हणाले. “तेवढ्यावर आम्ही तिला ओळखतो.”

राजाने आज्ञा मागे घेतली. प्रधानाला पदावरून काढण्याचे त्याच्या ओठांवर होते, पण आचार्यांनी अडवले. “राहू द्या. लहानपणी शिकलेले त्यांच्या जिभेने अजून सोडलेले नाही. शाळा त्यांचीही ऋणी आहे.” कालसेनाने मान खाली घातली. मग उत्पला उभी राहिली. सपाट दाराकडे तोंड करून तिने सगळा पाठ म्हटला आणि शेवटच्या जागी ती थांबली. त्या वेळी राजानेही सर्वांबरोबर श्वास घेतला.

ही आपल्या पूर्वजन्मीची कथा विहारात भिक्खूंना सांगून शास्ते, म्हणजे भगवान, म्हणाले, “भिक्खूंनो, आज विहारात ‘मला जे कळले ते माझे मला कळले’ असे सांगत फिरणारा भिक्खू कोकनद म्हणजे तेव्हाचा प्रधान. राजा म्हणजे त्याचे ऐकून गप्प बसलेला स्थविर सुभूमी. राजमाता म्हणजे ज्या वृद्ध उपासिकेने आज त्याला सर्वांसमोर टोकले ती. उत्पला म्हणजे नवदीक्षित भिक्खुणी खेमका, आणि आचार्य मीच होतो. घेतलेले कोणाकडून घेतले हे सांगणे, याला कृतज्ञता म्हणतात.”

कोकनदानेच हळू आवाजात विचारले, “भगवन्, आणि जिने उंबरा काढला, ती?”

शास्ते थांबले. सर्वांनी एक श्वास घेतला.

मेखलावतीचा तो खांब राजवाड्याच्या पहाऱ्यात होता. राजमुद्रेवाचून तिथे कोणाला छिन्नी लावता येत नसे. ते नाव कोणाच्या आज्ञेने तासले गेले, याचे उत्तर अजून कोणीही दिलेले नाही.