झाकलेला हुकूम

“भिडू बदलून मिळेल का, आई?”

मार्तंडने विचारलं तेव्हा त्याचा धाकटा भाऊ सुबराव समोरच बसला होता. त्याने मान खाली घातली.

“नाही,” येसूआई म्हणाल्या. “पत्ते वाट.”

डोंगरावरच्या देवळाशेजारी एका खोलीत येसूआई राहत. खालच्या गावांतली माणसं त्यांचा शब्द झेलत. दुपारच्या वेळी सभामंडपात त्या मेंढीकोट खेळत, याचं नव्याने येणाऱ्याला नवल वाटे.

दोघे भाऊ वाटणी करून मागायला आले होते.

मार्तंड पंचक्रोशीतला नावाजलेला खेळाडू. पडलेलं प्रत्येक पान त्याच्या ध्यानात राही. गेल्या जत्रेत सुबरावने एक चुकीचं पान टाकलं आणि हातातला डाव गेला. भरल्या मांडवात मार्तंड त्याला नको ते बोलला. तेव्हापासून सुबराव घरात मुक्यासारखा वावरत होता.

“वाटणीचं मग बघू,” येसूआई म्हणाल्या होत्या. “आधी एक डाव खेळू.”

त्यांच्या बाजूने देवळातला म्हातारा गुरव बसला.

मार्तंड पत्ते पिसत म्हणाला, “आई, ह्याला भिडू घेऊन कोट झाला, तर मी वाटणीचं नाव काढणार नाही. नाही झाला, तर उद्या आमच्या दोन चुली तुम्हीच मांडून द्यायच्या.”

कोट म्हणजे चारही दश्श्या एकाच बाजूला यायला हव्यात. ते का सोपं असतं?

येसूआई सुबरावकडे बघत राहिल्या.

“बरं,” म्हणाल्या.

हुकूम ठरवायची पाळी त्यांची होती. त्यांनी आपल्यातलं एक पान निवडलं आणि पाण्याच्या तांब्याखाली पालथं ठेवलं. आता उतारीचा, म्हणजे आधी पडलेल्या पानाचा, रंग ज्याच्याकडे नसेल, त्याने हवं तर “हुकूम उघडा” म्हणायचं. म्हटलं की ते पान उलटायचं, आणि त्या रंगाची दुर्रीसुद्धा एक्क्याला मारणार. कुणी म्हटलंच नाही, तर हुकमाचं पानही फुकट जाणार.

डाव सुरू झाला.

बदामची दश्शी मार्तंडने उचलली. किलवरचीही त्यानेच. चौकटची सुबरावच्या एक्क्यावर आली.

उरली इस्पिकची.

मार्तंडने मनातल्या मनात पानं लावली. त्याच्याकडे इस्पिक नव्हतं. ती दश्शी आईंकडेच असणार, आणि तिच्या वरची पानंही. कोट काही होत नाही...

उतारी सुबरावची होती. त्याने भावाकडे पाहिलं. मार्तंडने नजर वळवली.

सुबरावने चौकटची सत्ती टाकली.

मार्तंडने ओठ आवळले. सत्ती! ह्या वेळेला? गुरवाने चौकटची तिर्री घातली. मार्तंडचे चौकट संपले होते, त्याने एक किलवर टाकून दिलं.

येसूआई थांबल्या. त्यांच्याकडेही चौकट नव्हतं. आता फक्त दोन शब्द...

मंडपात कबुतरं घुमत होती.

त्यांनी एक पान काढलं आणि सत्तीवर अलगद ठेवलं.

इस्पिकची दश्शी.

सुबराव बघतच राहिला. मग त्याने सत्तीने जिंकलेला हात उचलला, चारही दश्श्या मांडल्या आणि हसला. लहानपणी विहिरीत पहिली उडी मारून वर आल्यावर हसला होता, तसाच.

“दादा! कोट झाला!”

“झाला,” मार्तंड म्हणाला.

सुबराव उठला. “घरी चल. मी बैल जुंपतो.” आणि पायऱ्या उतरत गेलासुद्धा. गुरवही त्याच्यामागे निघाला.

आई चुकल्या, मार्तंडला वाटलं. वय झालं... त्याने तांब्या बाजूला केला. खालचं पान उलटलं.

इस्पिकची चव्वी.

त्याने येसूआईंच्या गुडघ्याजवळची उरलेली पानं उचलली. एक्का, राजा, राणी, गुलाम... सगळं इस्पिक.

खालून सुबरावची हाक आली. बऱ्याच दिवसांनी तो आवाज एवढा मोकळा झाला होता.

मार्तंडने चव्वी पुन्हा पालथी केली. वर तांब्या ठेवला. मग येसूआईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही.

“आई,” तो म्हणाला. “हुकूम तुमचा होता. नुसतं ‘उघडा’ म्हणायचं होतं...”

येसूआईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला.

“उघडून दाखवावा लागला, तर तो हुकूम कसला?”