पाळण्याची सैल खाच

एका गावात रामाचं देऊळ होतं, आणि त्या देवळापेक्षाही सुंद्राबाईच्या हाताचं नाव मोठं होतं. रामनवमीचा नैवेद्य तीच करायची. देवाचा नैवेद्य आधी चाखायचा नसतो. सुंद्राबाई कधी चाखायची नाही, तरी मीठ कमी पडलं नाही की गूळ जास्त झाला नाही. लोक म्हणायचे, "बाईच्या बोटांनाच जीभ आहे." ऐकून ऐकून बाईलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

तिच्या जावयाने हौसेने लेसरचं लहानसं यंत्र आणलं होतं. फोनवर आकृती काढायची आणि यंत्राखाली पातळ फळी ठेवायची. मग किरण त्या आकृतीवरून फिरतो आणि लाकूड जाळत जातो. हलका फिरवला तर नक्षी उमटते, जोराचा सोडला तर फळी आरपार कापली जाते. जावयाची हौस लवकरच फिटली आणि यंत्र सासूच्या माळ्यावर जाऊन पडलं. सुंद्राबाईने ते खाली काढलं, डोळ्यांना जाड रंगीत चष्मा लावला आणि गावातल्या पोळपाटांवर मालकिणींची नावं कोरून दिली. लग्नाकार्यात पोळपाट बदलले म्हणून होणारी भांडणं थांबली. बाईचा ताठा मात्र आणखी वाढला.

त्या वर्षी देवळातल्या पाळण्याला भुंगा लागलेला निघाला. रामजन्माला मूर्ती त्यात ठेवायची, बायकांनी पाळणा म्हणत दोरी ओढायची, ही गावाची रीत. बोट लावलं तर पाळण्याचं पीठ पडत होतं.

भजनी मंडळाच्या गोदूताई म्हणाल्या, "तालुक्याला प्लास्टिकचा मिळतो. दिवे लागतात त्याला. गाणंसुद्धा वाजतं."

"रामाला काय जत्रेत बसवायचंय?" सुंद्राबाई कडाडली. "पाळणा मी करणार. लाकडाचा. आणि जमला नाही, तर पुन्हा नैवेद्याच्या चुलीला हात लावणार नाही!"

ती चूल म्हणजे बाईचा जीव होता, हे गावाला ठाऊक होतं. तोंडातून शब्द गेला तो गेला.

सुंद्राबाई कामाला बसली. पाळण्याच्या चार बाजू काढल्या, त्यांवर वेलाची जाळी काढली. तळाच्या फळीला कडेने दात काढले आणि ते दात अडकायला बाजूंना खाचा. फळीची जाडी मोजली आणि खाच बरोबर तेवढीच काढली. चुकलं ते इथेच.

धाकटी जाऊ शेवंता चुलीपाशी भाकरी थापत होती. तिथूनच ती म्हणाली, "आक्का, आधी एखाद्या तुकड्यावर खाच कापून बघा की. दात घट्ट बसतो का ते कळेल."

"देवाचं काम आहे. देवाला उष्टं देत नसतात."

"तुकडा कापला तर उष्टं कसं होईल?"

"शेवंते, तू भाकरी थाप."

शेवंतेने भाकरी थापली. दुसरं काय करणार?

यंत्र चाललं. धूर झाला, घरभर जळक्या लाकडाचा वास पसरला. बाईने मोठ्या ऐटीत भाग उचलले आणि दात खाचेत घातला, तर तो खुळखुळला. करवत कापताना जसं थोडं लाकूड खाते, तसा किरणही खातो. खाच केसभर रुंद झाली होती. केसभरच, पण प्रत्येक खाच तशीच. सगळ्या मिळून पाळणा हलत्या दातासारखा हलायला लागला.

सुंद्राबाईने इकडेतिकडे पाहिलं. शेवंता पाण्याला गेली होती. बाईने गोंदात भुसा कालवला आणि खाचा बुजवल्या. वरून जरीची झालर लावली. झालं! दिसायला पाळणा असा देखणा की नजर लागावी.

बायका बघायला आल्या. "अगं बाई, काय ती नाजूक जाळी! लग्नाच्या रुखवतातसुद्धा नसेल अशी." सुंद्राबाई हसली. स्तुती गोड होती, पण घशाखाली उतरेना. झालरीखाली काय आहे ते तिलाच ठाऊक होतं ना!

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई अंगणातून आत आली, तर पाळणा आढ्याच्या कडीला टांगलेला. त्यात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि शेवंता हातात दोरी धरून उभी.

"काय ठेवलंयस त्यात?"

"वरवंटा."

"रामाच्या पाळण्यात वरवंटा? तुझं डोकं फिरलंय का?"

"मग बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा कोण घालतं?" शेवंता म्हणाली. "माझ्या लेकीच्या वेळी तुम्हीच घातला होता. तेव्हा नाही ती माझी पोर उष्टी झाली!"

एवढं बोलून शेवंतेने दोरी ओढली. पाळणा झुलला, कुरकुरला. पुढच्या झोक्याला गोंद तडकला, तळ सुटला आणि वरवंटा धाडकन खाली आला. फरशीला तडा गेला.

शेवंतेने वरवंटा उचलून बाजूला ठेवला.

"ह्या जागी राम असता, आक्का," शेवंता हळूच म्हणाली.

"तू मुद्दाम जोरात ओढलीस!"

"आणि देवळातल्या बायका काय फुंकर घालणार आहेत? नवस बोललेल्या असतात त्या. दोरी तुटेस्तोवर ओढतात."

सुंद्राबाईचा आवाज चढला. "नैवेद्य कधी चाखून केला मी? सांग, कधी बिघडला?"

"चूल तुमच्या हाताला लहानपणापासून ठाऊक आहे. ह्या यंत्राची ओळख कालपरवाची. हात कच्चा आणि ऐट पिकल्या हाताची, असं कसं चालेल?"

हे झोंबलं. खरं बोलणं झोंबतंच. जाऊ बोलली की जास्त झोंबतं.

बाई मोडक्या पाळण्यापाशी बसली. मनात आलं, अजून गोंद घालावा, आतून पट्ट्या ठोकाव्यात, झालर जरा खाली सोडावी. दिसणार कुणाला? बायकांनी वाहवा तर आधीच केली होती. मग तिची नजर फरशीच्या तड्यावर गेली. तिने ती नाजूक जाळी उचलली, गुडघ्यावर ठेवली आणि मोडली. एक बाजू मोडली, दुसरी मोडली. मन पुन्हा मोहात पडायला काही शिल्लकच ठेवलं नाही.

"शेवंते, उरलेले तुकडे आण सगळे."

रामनवमी तोंडावर आली होती. तरी बाईने घाई केली नाही. एका तुकड्यावर तिने ओळीने खाचा कापल्या. प्रत्येक खाच आधीच्यापेक्षा किंचित अरुंद. मग प्रत्येकीत दात घालून पाहिला. कुठे खुळखुळला, कुठे शिरलाच नाही, कुठे शिरला पण फळी चिरली. शेवटी एका खाचेत तो अंगठ्याने दाबल्यावर बसला, आणि तुकडा उलटा करून झटकला तरी पडला नाही. बाईने त्या खाचेला कुंकवाचं बोट लावलं.

जाळीसुद्धा तिने नव्याने काढली. आधी ती फक्त भोकं किती सुंदर दिसतात ते बघत होती. आता भोकांमधलं किती लाकूड मागे ठेवायचं ते बघितलं, कारण पाळण्याचं ओझं त्याच लाकडावर असतं. वेलाचे देठ जाड झाले. दिसायला थोडं राकट झालं, तर झालं.

नवी फळी आणायला लागली. ती दुसऱ्या दुकानातली. सुंद्राबाईने बोटात धरून चाचपली. "ही जरा जाड वाटते. शेवंते, पुन्हा तुकडा."

"पुन्हा?" आता शेवंताच कंटाळली होती.

"पुन्हा!"

रामनवमीला देऊळ भरून गेलं. पाळण्याला गोंदाचा थेंब नव्हता, झालर नव्हती. सगळे सांधे उघडे, ज्याला बघायचे त्याने बघावेत. गोदूताई पिशवीत प्लास्टिकचा पाळणा घेऊन आल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "असू दे गं, वेळप्रसंग."

मागच्या ओळीतली एक बाई म्हणाली, "सुंद्राबाई, परवा पाहिला तो कसा नाजूक होता! तो का नाही आणला?"

आता बाई गप्प बसली असती तरी चाललं असतं. शेवंतेने मान खाली घातली. ती चुगली करणारी नव्हती.

"तो खोटा होता," सुंद्राबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सैल झाला होता. गोंद भरून, झालर लावून तुम्हाला दाखवला मी. शेवंतेने त्यात वरवंटा घातला आणि तळ पडला. म्हणून मोडला."

कुजबुज झाली. गोदूताईंनी पिशवीची गाठ सोडायला घेतली.

माध्यान्ह झाली. पुजारीबुवांनी मूर्ती उचलली. मूर्ती वीतभरच, पण पितळेची, दिसते त्याहून कितीतरी जड. बुवांनी ती पाळण्यात टेकवली, पण खालचा हात काही काढेनात. त्यांनीही सगळं ऐकलं होतं ना!

"बाई," ते घाबरत म्हणाले, "सोडू का हात?"

सुंद्राबाईने पाळण्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने दोरी उचलली आणि शेवंतेच्या हातात दिली.

"सोडा," ती म्हणाली. बुवांनी हात काढला, शेवंतेने जोरात दोरी ओढली, आणि पाळणा कुरकुरलासुद्धा नाही.

तात्पर्य: नव्या कामात तुकड्यावर चुकायला लाजू नये, जो तिथे चुकत नाही तो भर देवळात चुकतो, आणि मग आपला गर्व देवाच्या नावावर खपवतो.