सोनकीची चपट्या तोंडाची सांडशी

रानाच्या कडेला सोनकीच्या आबांची लोहारभट्टी होती, पण ती पार थंड पडली होती. आबांची सांडशी, म्हणजे तापलेलं लोखंड धरायचा लांब दांड्यांचा चिमटा, होती गोल तोंडाची. तिच्यात सळई घट्ट बसे, पण विळ्याची चपटी पट्टी गर्रकन फिरे. अशीच एकदा फिरली आणि आबांचा हात चांगलाच भाजला.

"आता सांडशी धरणारं कोण आहे इथं?" गेनूकाका गुरकावले. "मी ऐरण घेऊन जातो."

"मी धरते की!" सोनकी म्हणाली.

"पोरींनी भाता ओढावा, घण मारावा. त्यांनी सांडशी धरली तर भट्टी रुसते!"

म्हणे रुसते! घण मारताना बरी नाही रुसत? सोनकीला अस्सा राग आला! खापर उचलून ती तरातरा कुंभाराकडे विस्तव आणायला गेली.

येताना करवंदीच्या जाळीत काहीतरी चमचमलं. अय्या, इवलीशी परी! निळेजांभळे पंख, त्यांना सोनेरी कडा, पण दवानं चिंब भिजलेले. बिचारी कुडकुडत होती.

"ये गं, शेक घे," सोनकीनं खापर पुढे केलं.

"पण तुझा विस्तव विझेल ना!"

"विझू दे. पुन्हा आणीन."

पंख वाळले तशी परी खुदकन हसली. "एक वर माग. पण निखारा लाल आहे तोवरच हं! मोत्यांचा महाल देऊ?"

"आबांचा हात बरा कर."

"मला फक्त वस्तूच देता येते गं," परी हिरमुसली. "आणि जो मागेल त्याच्याच हातात ती चालते."

"मग चपट्या तोंडाची सांडशी दे."

"ती तुलाच धरावी लागेल, आबांना नाही."

निखारा काळवंडत चालला होता. सोनकीनं पाय आपटला. "धरीन! भट्टी रुसली तर रुसू दे. मी काढीन तिची समजूत!"

झालं! हातात लखलखती सांडशी आली आणि खापरातला विस्तवही लालबुंद झाला. परी सोनकीच्या वेणीवर बसून घरी आली.

काका ऐरणीला दोर बांधत होते. "खबरदार सांडशी धरशील तर!"

"बघाच तुम्ही!"

भट्टी रुसली तर नाहीच, उलट फुरफुरून पेटली. तापलेली पट्टी सांडशीत अशी गच्च बसली की हलायचं नावच नाही.

"शाबास पोरी!" आबांचे डोळे भरून आले. "गेनू, सोड तो दोर. ऐरण इथंच राहील."

"पण घण कोण मारणार?" काका कुरकुरले.

"तुम्ही!" सोनकी कडाडली. "उचला काका, लोखंड निवतंय!"

काका इतके भांबावले की त्यांनी खरंच घण उचलला. ठण्ण! लाल, केशरी, पिवळ्या ठिणग्या उडाल्या. त्यांच्यात परीनं एक गिरकी घेतली, सगळं आभाळ झळाळलं, आणि त्या उजेडात ती दिसेनाशी झाली.

काका मात्र घण मारतच राहिले. सोनकीनं त्यांना थांबा म्हटलंच नव्हतं ना!